भुलीचे पेटंट

रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी आत नेले की बाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या मनात दोनच प्रश्न असतात. शस्त्रक्रिया नीट पार पडेल ना, आणि खर्च किती येईल? बीडचे जिल्हा रुग्णालय असो, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय असो, की एखादा खासगी दवाखाना असो, हे प्रश्न बदलत नाहीत. खर्चाच्या हिशेबात खाट असते, औषधे असतात, सलाइन असते, भूलतज्ज्ञाचे मानधन असते. एक रक्कम मात्र त्यात कधीच नसते. आधी हुंगवून माणसाला बेशुद्ध करायचे आणि मग त्याच्यावर शस्त्रक्रिया करायची, ही रीत ज्याच्या मालकीची आहे त्याला द्यायची रॉयल्टी. ती नसते, कारण या रीतीला कुणी मालक नाही.

एके काळी मात्र तिला मालक होता, निदान कागदोपत्री तरी. १२ नोव्हेंबर १८४६ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ४८४८ क्रमांकाचे पेटंट दिले. शस्त्रक्रियेतील सुधारणा, असा त्याचा विषय होता. ईथर हुंगवून रुग्णाला वेदनेची जाणीव होऊ न देता शस्त्रक्रिया करणे, ही ती सुधारणा. हे पेटंट ज्याच्या हाती आले तो बोस्टनचा सत्तावीस वर्षांचा दंतवैद्य होता. त्याचे नाव विल्यम टॉमस ग्रीन मॉर्टन. पुढची बावीस वर्षे तो या कागदाच्या मागे धावला आणि त्यातच संपला. उपचाराच्या पद्धतीवर मालकी सांगता येते का, हा आज देशादेशांमधल्या व्यापार करारांत येणारा प्रश्न त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा ठळकपणे उभा राहिला.

मॉर्टनचा जन्म ९ ऑगस्ट १८१९ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील चार्लटन या गावी, एका शेतकऱ्याच्या घरी झाला. तरुणपणी त्याने वेगवेगळे व्यापार करून पाहिले. त्यांत अपयश आले आणि फसवणुकीचे आरोपही झाले. पुढे तो दंतवैद्यकाकडे वळला. हॉरेस वेल्स या दंतवैद्याबरोबर त्याने काही काळ भागीदारीत काम केले. १८४४ मध्ये एलिझाबेथ व्हिटमन हिच्याशी त्याचे लग्न झाले. मुलीच्या घरच्यांना दंतवैद्य जावई फारसा पसंत नव्हता. त्याने डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. त्याच वर्षी मॉर्टनने हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयात नाव घातले, पण तिथले शिक्षण त्याने पूर्ण केले नाही.

त्याच्यापुढची अडचण धंद्याची होती. तो चांगल्या कवळ्या बसवत असे, पण कवळी बसवण्याआधी जुन्या दातांची मुळे उपटून काढावी लागत. ते दुखणे सोसण्यापेक्षा लोक कवळीच नको म्हणत. दुखणे थांबवता आले, तर गिऱ्हाईक वाढेल, असा त्याचा साधा हिशेब होता. मोठ्या शोधामागे नेहमी मोठाच हेतू असतो असे नाही.

त्या काळी शस्त्रक्रिया म्हणजे काय असे, याची आज कल्पना करणेही कठीण आहे. रुग्णाला दारू किंवा अफू देत आणि चारपाच धडधाकट माणसे त्याला दाबून धरत. ज्याचा हात जलद चालतो तो उत्तम सर्जन मानला जाई. पाय कापायची वेळ आली, तर मिनिटे मोजली जात. पोट उघडून निवांतपणे आत काही दुरुस्त करणे हा विचारही शक्य नव्हता. आज ज्या शस्त्रक्रिया तालुक्याच्या गावी रोज होतात, त्यांतल्या बहुतेक तेव्हा अस्तित्वातच नव्हत्या.

वेदना थांबवण्याचा पहिला मोठा प्रयत्न मॉर्टनच्या जुन्या भागीदाराने केला. हुंगल्यावर माणसाला हसू आणणारा नायट्रस ऑक्साइड हा वायू तेव्हा करमणुकीच्या खेळांत वापरत. वेल्सने डिसेंबर १८४४ मध्ये तो हुंगून स्वतःचाच दात काढून घेतला. दुखले नाही. पुढच्याच महिन्यात बोस्टनमध्ये डॉक्टर आणि विद्यार्थ्यांसमोर त्याने याचे प्रात्यक्षिक दिले. वायू कमी पडला, रुग्ण ओरडला आणि वेल्सचे हसे झाले. तो अपमान त्याच्या मनातून कधीच गेला नाही.

मॉर्टन ईथरकडे वळला. ईथर हा काही नवा पदार्थ नव्हता. रसायनशास्त्रज्ञांना तो तीनशे वर्षांपासून माहीत होता. जॉर्जिया राज्यातील क्रॉफर्ड लाँग या डॉक्टरने तर मार्च १८४२ मध्येच ईथर देऊन एका तरुणाच्या मानेवरची गाठ काढली होती. पण त्याने ते १८४९ पर्यंत कुठेही छापले नाही आणि जगाला त्याचा पत्ता लागला नाही. मॉर्टनने आपल्या कुत्र्यावर ईथरचे प्रयोग केले, मग स्वतःवर केले. चार्ल्स जॅक्सन या बोस्टनच्या नामांकित रसायनशास्त्रज्ञाचा त्याने सल्ला घेतला. शुद्ध ईथर वापर, असे जॅक्सनने सांगितले. हा सल्ला पुढे फार महागात पडणार होता.

३० सप्टेंबर १८४६ च्या संध्याकाळी एबेन फ्रॉस्ट नावाचा माणूस दुखणारा दात घेऊन मॉर्टनकडे आला. मॉर्टनने त्याला ईथर हुंगवले आणि दात काढला. फ्रॉस्टला तो कधी निघाला ते कळलेच नाही. दोन आठवड्यांनी, १६ ऑक्टोबरला मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या सर्वांत वरच्या मजल्यावरील शस्त्रक्रियागृहात बोस्टनचे डॉक्टर जमले. जॉन कॉलिन्स वॉरन हे वयोवृद्ध सर्जन गिल्बर्ट ॲबट या तरुणाच्या जबड्याखालची गाठ काढणार होते. हुंगवण्याचे उपकरण ऐन वेळी दुरुस्त करून घेताना मॉर्टनला उशीर झाला. तो येत नाही असे समजून वॉरन सुरुवात करणार, तेवढ्यात तो धापा टाकत पोहोचला. ॲबटने ईथर हुंगले, सुरी चालली आणि कुणीही किंचाळले नाही. शुद्धीवर आल्यावर ॲबटने कातडीवर काहीतरी खरवडल्यासारखे वाटले, एवढेच सांगितले. जगभर १६ ऑक्टोबर हा भूलशास्त्र दिन म्हणून पाळला जातो तो यामुळे.

इथपर्यंतची कहाणी यशाची आहे. पुढची पेटंटची आहे.

मॉर्टनने पहिल्या दिवसापासून आपल्या औषधाचे नाव गुप्त ठेवले होते. ईथरमध्ये रंग आणि सुगंध मिसळून त्याने त्याला लेथिऑन असे भारदस्त नाव दिले. पण ईथरचा वास लपत नाही. आणि मुख्य म्हणजे, आत काय आहे हे न सांगता दिलेले औषध वापरणे त्या काळच्या वैद्यकीय आचारसंहितेला मंजूर नव्हते. नोव्हेंबरच्या ७ तारखेला ॲलिस मोहन या तरुण मुलीचा रोगट पाय कापायचा होता. औषध काय आहे ते सांगितल्याशिवाय आपण ते वापरणार नाही, अशी भूमिका रुग्णालयाच्या डॉक्टरांनी घेतली. टेबलावर मुलगी, दाराशी मॉर्टन आणि मध्ये एक गुपित, असा तो प्रसंग होता. अखेर मॉर्टनने कबूल केले की हे ईथरच आहे. मुलीचा पाय तिला वेदना न होता कापला गेला.

गुपित फुटले, तरी पेटंटचा अर्ज आधीच गेला होता. जॅक्सननेही शोधात आपला वाटा सांगितला, म्हणून पेटंट दोघांच्या नावे निघाले. जॅक्सनने दहा टक्के नफ्याच्या बोलीवर आपले हक्क मॉर्टनला दिले. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मॉर्टनने ईथर या पदार्थाचे पेटंट घेतले नव्हते, घेता आलेही नसते. हुंगवण्याचे यंत्रही या पेटंटचा गाभा नव्हते. त्याने मालकी सांगितली ती एका कृतीवर. माणसाला ईथर हुंगवा आणि मग शस्त्रक्रिया करा, ही ती कृती. चौदा वर्षे अमेरिकेत कुणीही सर्जन हे करणार असेल, तर त्याने आधी मॉर्टनची परवानगी घ्यावी, असा त्या कागदाचा अर्थ होता.

मॉर्टनने परवाने विकायला माणसे नेमली. धर्मादाय रुग्णालयांना मोफत परवानगी देण्याची तयारीही त्याने दाखवली. पण ईथर औषधांच्या कुठल्याही दुकानात मिळत होते आणि हुंगवण्यासाठी स्पंज किंवा कापडही पुरत होते. १८ नोव्हेंबर १८४६ रोजी हेन्री बिगेलो या सर्जनने बोस्टनच्या वैद्यकीय नियतकालिकात या प्रयोगांचा वृत्तांत छापला आणि ती माहिती जहाजांवरून जगभर गेली. २१ डिसेंबरला लंडनमध्ये रॉबर्ट लिस्टनने ईथर देऊन पाय कापला. मार्च १८४७ मध्ये कोलकात्यात ईथरचा वापर झाला. म्हणजे बोस्टनहून निघालेली ही रीत सहा महिन्यांच्या आत, तारायंत्र आणि सुएझ कालवा नसताना, हिंदुस्थानात पोहोचली. तिला कुणी परवाना विचारला नाही. मेक्सिकोशी चाललेल्या युद्धात खुद्द अमेरिकेच्या सैन्याने ईथर वापरले आणि आपल्याच सरकारने दिलेल्या पेटंटकडे काणाडोळा केला. याच १८४७ साली स्थापन झालेल्या अमेरिकन मेडिकल असोसिएशनने डॉक्टरने पेटंट बाळगणे व्यवसायाला कमीपणा आणणारे ठरवले.

उपचाराची रीत एका हातातून दुसऱ्या हातात कशी जाते, याचे याआधीचे एक उदाहरण पुण्याचे आहे. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर असलेल्या कावसजी नावाच्या मराठी गाडीवानाला टिपूच्या सैनिकांनी पकडले आणि त्याचे नाक कापले. पुढे पुण्याजवळ एका कुंभाराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसवले. ही शस्त्रक्रिया टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या इंग्रज डॉक्टरांनी पाहिली. तिचे वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये छापून आले. ते वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने सराव केला आणि १८१४ मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. कपाळाच्या कातडीने नाक बांधायची ही पद्धत आजही वापरात आहे. त्या कुंभाराचे नावही कुणी नोंदवले नाही, मोबदल्याचा तर प्रश्नच नव्हता.

इथे दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. रीत मोकळी राहिली, म्हणून जगाचे भले झाले. आणि ज्याने ती दाखवली त्याच्या पदरात काहीच पडले नाही. मॉर्टनची तक्रार अगदीच पोकळ नव्हती. त्याने दवाखान्याकडे दुर्लक्ष करून वेळ आणि पैसा या कामात घातला होता. एक वाट बंद झाल्यावर त्याने दुसरी धरली. सरकारने आपल्याला एकरकमी बक्षीस द्यावे, अशी मागणी त्याने अमेरिकेच्या संसदेकडे केली. एक लाख डॉलरचा प्रस्ताव अनेकदा चर्चेला आला. पण दर वेळी दुसरा कुणीतरी उभा राहून म्हणे, शोध माझा आहे.

जॅक्सनचे म्हणणे होते की कल्पना आपली आणि मॉर्टन नुसता हात. वेल्सचे म्हणणे होते की हुंगवून वेदना घालवण्याचा मार्ग पहिल्यांदा आपण दाखवला. वेल्सची अखेर दारुण झाली. क्लोरोफॉर्मचे स्वतःवर प्रयोग करता करता त्याचे मन ढळले. जानेवारी १८४८ मध्ये न्यू यॉर्कच्या रस्त्यावर त्याने बायकांच्या अंगावर आम्ल फेकले आणि तुरुंगात स्वतःचा जीव घेतला. त्याचे वय तेहतीस होते. जॅक्सन आयुष्याची शेवटची वर्षे मनोरुग्णालयात होता आणि १८८० मध्ये तिथेच वारला. वेदना घालवणाऱ्या शोधाने शोधकांना सुख दिले नाही.

१८५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष पिअर्स यांच्या कारकिर्दीत मॉर्टनला सुचवण्यात आले की त्याने एखाद्या सरकारी सर्जनवर दावा लावून पेटंट खरे करून घ्यावे. त्याने तसे केले आणि उरलीसुरली सहानुभूतीही गमावली. रुग्णाची वेदना थांबवली म्हणून डॉक्टरवर खटला, हे लोकांना पटण्यासारखे नव्हते. शेवटचा निकाल १८६२ मध्ये लागला. डोळ्यांचे उपचार करणाऱ्या न्यू यॉर्क आय इन्फर्मरी या संस्थेविरुद्धचा तो खटला होता. न्यायालयाने पेटंट अवैध ठरवले. निकालाचा आशय असा होता की ईथर जुने, ते हुंगणेही जुने. त्याचा एक नवा आणि मोठा परिणाम कळला ही गोष्ट कितीही मोलाची असली, तरी ती निसर्गातील एका गोष्टीचा उलगडा आहे. तिच्यावर पेटंट देता येत नाही.

त्यानंतर अमेरिकेतील यादवी युद्धात मॉर्टन स्वतः छावणीत गेला आणि जखमी सैनिकांना त्याने आपल्या हाताने ईथर दिले. तिथे परवान्याचा प्रश्न नव्हता. बहुधा आयुष्यातील सर्वांत समाधानाचे काम त्याने तेव्हाच केले असावे. पण वाद संपला नव्हता. १८६८ च्या उन्हाळ्यात जॅक्सनची बाजू घेणारा एक लेख प्रसिद्ध झाला. तो वाचून मॉर्टन अस्वस्थ झाला आणि उत्तर देण्यासाठी न्यू यॉर्कला गेला. १५ जुलैला कडक उकाड्यात पत्नीबरोबर सेंट्रल पार्कमधून घोडागाडीने जात असताना तो कोसळला आणि त्याच दिवशी वारला. वय अठ्ठेचाळीस. हाती पैसा उरला नव्हता.

मॉर्टन गेला त्यानंतर वीस वर्षांनी भुलीच्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान हैदराबाद संस्थानात लिहिले गेले. बीड जिल्हा तेव्हा या निजामी राज्यात होता. ईथरनंतर वर्षभरात एडिंबरोच्या जेम्स सिम्सनने क्लोरोफॉर्म वापरात आणले होते. ते देणे सोपे होते, पण अधूनमधून रुग्ण टेबलावरच दगावत. हृदय बंद पडल्याने की श्वास थांबल्याने, यावर डॉक्टरांत कडाक्याचे मतभेद होते. हैदराबादचे सर्जन एडवर्ड लॉरी यांनी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या मदतीने १८८८ मध्ये एक आयोग नेमून प्राण्यांवर प्रयोग केले. लंडनच्या लॅन्सेट या नियतकालिकाने शंका घेतली, तेव्हा निजामांनी एक हजार पौंड देऊन लॅन्सेटचाच तज्ज्ञ हैदराबादला बोलावला. १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन आले आणि दुसऱ्या आयोगाने शेकडो प्राण्यांवर प्रयोग केले. हैदराबादच्या वैद्यकीय विद्यालयात शिकलेल्या आणि जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञ मानल्या जाणाऱ्या रूपाबाई फर्दुनजी याच काळातील.

श्वास आधी थांबतो, म्हणून श्वासावर नजर ठेवा, हा आयोगाचा निष्कर्ष होता. श्वासाबद्दलचा इशारा उपयोगी होता. हृदयाला धोका नाही हे म्हणणे मात्र पुढच्या संशोधनाने खोटे ठरवले. महत्त्वाचे हे की सारे निष्कर्ष लॅन्सेटमध्ये सर्वांसमोर मांडले गेले, म्हणूनच त्यांतली चूक इतरांना शोधता आली. उपचाराची रीत एका माणसाच्या हातून पूर्ण होत नाही. ती वापरणारे हजारो हात तिच्यात सुधारणा करतात. त्या हातांना आधी परवाना काढायला लावला, तर सुधारणाच थांबते.

विसाव्या शतकात अनेक देशांच्या कायद्यांनी हे तत्त्व मान्य केले. युरोपातील देशांनी १९७३ च्या पेटंट करारात शस्त्रक्रिया आणि उपचारांच्या पद्धती पेटंटच्या बाहेर ठेवल्या. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातील तिसऱ्या कलमात कशाकशाला पेटंट मिळणार नाही याची यादी आहे. माणसांवरील औषधोपचार, शस्त्रक्रिया, रोग बरा करण्याच्या किंवा टाळण्याच्या प्रक्रिया त्या यादीत आहेत. २००२ च्या दुरुस्तीने त्यांत रोगनिदानाच्या प्रक्रियांचाही स्पष्ट उल्लेख आला.

व्यापार करार या चित्रात आले ते १९९४ मध्ये. १५ एप्रिलला मोरोक्कोतील माराकेश येथे जागतिक व्यापार संघटनेची स्थापना करणाऱ्या करारांवर सह्या झाल्या. त्यांतला एक ट्रिप्स, म्हणजे व्यापाराशी निगडित बौद्धिक संपदा हक्कांचा करार. तंत्रज्ञानाच्या सर्व क्षेत्रांत पेटंट दिले पाहिजे, असे त्याने सदस्य देशांवर बंधन घातले. याच बंधनामुळे भारताला २००५ पासून औषधांवर उत्पादन पेटंट द्यावे लागले. पण त्याच करारातील २७ व्या कलमात एक खिडकी उघडी ठेवली आहे. माणसांवर किंवा प्राण्यांवर उपचार करण्याच्या निदानविषयक, औषधोपचाराच्या आणि शस्त्रक्रियेच्या पद्धतींना पेटंट द्यायचे नाही, असे कोणताही देश ठरवू शकतो. भारताची यादी त्या खिडकीवर उभी आहे.

अमेरिकेने असे कलम आपल्या कायद्यात घातले नाही आणि मॉर्टनचाच प्रसंग तिथे पुन्हा घडला. टाके न घालता आपोआप मिटणारी चीर देऊन मोतीबिंदू काढण्याच्या पद्धतीवर एका नेत्रशल्यचिकित्सकाला १९९२ मध्ये पेटंट मिळाले. तशाच पद्धतीने शस्त्रक्रिया करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरवर त्याने दावा लावून रॉयल्टी मागितली. डॉक्टरांच्या संघटना खवळल्या. १९९६ च्या मार्चमध्ये न्यायालयाने त्या पेटंटमधील वादग्रस्त हक्क रद्दबातल केले. त्याच वर्षी कायदा बदलला आणि शस्त्रक्रियेची पेटंट असलेली पद्धत वापरल्याबद्दल डॉक्टर किंवा रुग्णालयाकडून भरपाई वसूल करता येणार नाही, असे ठरले. त्या कायद्यावर सही झाली ती ३० सप्टेंबर १९९६ रोजी. एबेन फ्रॉस्टचा दात निघाला त्याला त्या दिवशी बरोबर दीडशे वर्षे झाली होती.

हे प्रकरण दूरच्या देशातले असले, तरी विषय परका नाही. मराठवाड्यात डोळ्यांच्या शिबिरांत एका दिवसात कितीतरी मोतीबिंदू काढले जातात. प्रत्येक डोळ्यामागे रॉयल्टी द्यावी लागली असती, तर अशी शिबिरे कशी चालली असती, याचा हिशेब कुणालाही करता येईल. जखमेवर हळद भरण्याची गोष्ट तर घराघरातली. पण १९९५ मध्ये जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीवर अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे ठेवून ते आव्हानले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. तेही पदार्थाचे नव्हे, तर पद्धतीचेच पेटंट होते.

ट्रिप्समधली ती खिडकी बंद करण्याचा प्रयत्नही झाला आहे. पॅसिफिक महासागराभोवतीच्या बारा देशांच्या ट्रान्स-पॅसिफिक भागीदारी कराराच्या वाटाघाटी चालू असताना, २०११ मध्ये फुटलेल्या मसुद्यात अमेरिकेचा एक प्रस्ताव दिसला. निदान, उपचार आणि शस्त्रक्रियेच्या पद्धतींवर सदस्य देशांनी पेटंट द्यावे, असे त्यात होते. बराच विरोध झाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये सह्या झालेल्या अंतिम करारात देशांना या पद्धती वगळण्याची मुभा कायम राहिली. पुढे अमेरिकाच त्या करारातून बाहेर पडली. भारत त्यात नव्हता. पण भारतही आता अनेक देशांशी व्यापार करार करतो. असे करार होतात तेव्हा चर्चा कांद्याची, कापसाची, गाड्यांच्या आयात शुल्काची होते. बौद्धिक संपदेच्या प्रकरणात शस्त्रक्रियेविषयी एखादी ओळ असू शकते, याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

संशोधकाला मोबदला मिळू नये, असा याचा अर्थ नाही. नवे औषध तयार करून त्याच्या चाचण्या घेण्यात मोठा पैसा जातो. नवे उपकरण बनवायला कारखाना लागतो. त्यांना पेटंट मिळते, भारतातही मिळते, आणि त्यांच्या किमतींचा वाद वेगळा आहे. पद्धतीचे तसे नसते. ती डॉक्टरच्या डोक्यात आणि हातात असते. तिच्यावर पहारा बसवायचा, तर शस्त्रक्रियागृहात शिरून रुग्णाचे कागद तपासावे लागतील. आणि टेबलावर रुग्ण असताना कोणती चीर द्यायची हे त्याच्या तब्येतीवरून ठरले पाहिजे, परवान्यावरून नाही. सन्मान, पारितोषिक, सरकारी अनुदान, विद्यापीठातील पद, हे मोबदल्याचे दुसरे मार्ग आहेत. मॉर्टनला ते नीट मिळाले नाहीत, यात त्याच्या हट्टाचा वाटा होता तसा त्या काळच्या व्यवस्थेचाही होता.

बोस्टनच्या नागरिकांनी मॉर्टनच्या थडग्यावर दगड उभारून भुलीच्या शोधाचे श्रेय त्याला दिले. पण त्याच शहराच्या सार्वजनिक बागेत, तो वारला त्याच वर्षी उभारलेले एक स्मारक आहे. ईथरने वेदना थांबवल्याची आठवण म्हणून ते बांधले. त्याच्या माथ्यावर एक माणूस दुसऱ्या जखमी माणसाला सावरून धरतो आहे. त्यावर शोधकाचे नाव कोरलेले नाही. ना मॉर्टनचे, ना जॅक्सनचे, ना वेल्सचे.